चिपाडाचे मोल, तेलाचा भाव

दसरा-दिवाळीच्या सुमारास नीरा खोऱ्यातले साखर कारखाने जागे होतात. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडी, शहाजीनगर. गव्हाणीत पहिली मोळी पडते ती नंतर. हंगामाचा खरा मुहूर्त त्याआधी काही दिवस बॉयलरच्या दारात होतो. अग्निप्रदीपन म्हणतात त्याला. एखादे संचालक किंवा जुने सभासद सपत्नीक पूजेला बसतात, गुरुजी मंत्र म्हणतात, नारळ फुटतो आणि पेटता पलिता भट्टीत जातो. आत लाकडे आधीच रचलेली असतात. भट्टीचे विटांचे अस्तर नव्याने बांधले असेल तर सुरुवातीला मंद जाळ द्यावा लागतो, घाई केली की अस्तर तडकते. मग पट्ट्यावरून गेल्या हंगामात राखून ठेवलेला बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड, येऊ लागतो, धुराडे बोलू लागते आणि वाफेच्या दाबाचा काटा हळूहळू चढतो.

या सगळ्यात खनिज तेल लागते ते जवळपास पलिता भिजवण्यापुरते. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत सगळ्यात जास्त उष्णता खाणारा उद्योग साखरेचा, आणि त्याआधी गुळाचा. दोन्ही उद्योग तेलावर कधी चालले नाहीत. मुंबईच्या गिरण्या, पुण्याचे रासायनिक कारखाने, रंगशाळा यांनी बॉयलरखाली फर्नेस ऑइल जाळले. नीरेकाठाने उसाचे चिपाड जाळले. तरीही तेलाचा भाव या भागाला चुकला नाही. ट्रॉम्बेच्या शुद्धीकरण कारखान्यात तेलाला काय दर आहे, त्यावर माळेगावच्या शेतकऱ्याच्या उसातल्या चिपाडाची किंमत ठरत गेली, आणि बराच काळ शेतकऱ्याला त्याचा पत्ताही नव्हता. ही गोष्ट नीट सांगायची तर सुरुवात पाण्यापासून करावी लागते.

1876 ते 1878 च्या दुष्काळाने दख्खनचा पूर्व भाग होरपळून निघाला. त्या दुष्काळी कामांतून नीरा डावा कालवा आकाराला आला. वीरच्या बंधाऱ्यापासून निघालेला हा कालवा 1885 मध्ये वाहू लागला. पुरंदरची कड ओलांडून तो बारामतीत शिरतो आणि पुढे इंदापूरपर्यंत जातो. त्याला पाणी पुरवायला भाटघरला धरण झाले. पुढे 1928 मध्ये तिथेच मोठे लॉईड धरण उभे राहिले. सरकारची कल्पना अशी की ज्वारी-बाजरीला संरक्षक पाणी मिळेल आणि दुष्काळ टळेल. पण पाऊस बरा झाला की ज्वारीवाला शेतकरी पाणीपट्टी भरून पाणी घेत नसे. कालवा तोट्यात जायला लागला. पैसे देऊन बारमाही पाणी घेणारे पीक एकच होते, ते म्हणजे ऊस. आणि ऊस करण्याची हिंमत व हातोटी असलेले सासवडचे माळी शेतकरी कालव्याच्या पाण्यामागे खाली बारामतीकडे सरकले. त्यांनी जमिनी खंडाने घेतल्या, पेंड-खत ओतले आणि ऊस उभा केला. विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पाणीवाटपाची ब्लॉक पद्धत बसवली ती याच कालव्यावर. 1914 मध्ये दौंडहून बारामतीला छोट्या मापाची रेल्वे आली आणि बारामतीच्या पेठेतल्या गुळाच्या ढेपा दूरच्या बाजारांत जाऊ लागल्या.

गुळाला पाणी हवे, भांडवल हवे, पण त्याहून मोठी अडचण जाळाची होती. एक टन उसातून सहा-साडेसहाशे किलो रस निघतो आणि गूळ होतो जेमतेम शंभर-सव्वाशे किलो. म्हणजे पाचशे किलो पाणी नुसते वाफ करून उडवायचे. गुऱ्हाळातले दृश्य ज्यांनी पाहिले आहे त्यांना हे सांगावे लागत नाही. काहिलीला आधण येते, भेंडीचे पाणी टाकले की मळी वर येते, ती काढत राहायची. गुळव्या एकीकडे रस घोटत असतो आणि खाली चुलाणाच्या तोंडाशी बसलेला माणूस सारखा चिपाडाचा घास आत ढकलत असतो. त्याने हात आखडला तर आधण बसते. शेवटच्या घटकेला जाळ जास्त झाला तर गूळ करपतो आणि रंग जातो, आणि रंग गेला की पेठेत भाव जातो. गुळव्या थेंब पाण्यात टाकून गोळी पाहतो तेव्हा खालच्या माणसाने जाळ ओढून घ्यायचा असतो. गुऱ्हाळातली निम्मी कारागिरी अशी जाळाची आहे.

आता हिशेब पाहा. टनभर उसाचे चिपाड उन्हात वाळवले की दोन-अडीचशे किलो भरते. पाणी उडवायला लागणारी उष्णता त्यात आहे, अगदी दुपटीहून जास्त आहे. पण जुन्या पद्धतीच्या चुलाणातून बहुतेक उष्णता धुराबरोबर निघून जाई. मग चिपाड पुरायचे नाही. बांधावरची बाभूळ तुटायची, ओढ्याकाठची झाडे जायची, गाडीने जळण विकत आणावे लागे. म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी शेतकी खात्याने पुण्याजवळ मांजरीच्या प्रक्षेत्रावर ऊस आणि गुळाचे प्रयोग चालवले, त्यात चुलाणाच्या बांधणीला मोठे महत्त्व होते. ध्येय साधे होते: चिपाडातच काम भागावे, लाकूड विकत घ्यावे लागू नये. इंधनाच्या अर्थकारणातला हा नीरा खोऱ्याचा पहिला धडा, आणि तो शेतकऱ्याने कुठल्याही पुस्तकाशिवाय गिरवला. विकत घेतलेले जळण गुळाचा नफा खाते.

तेल गुऱ्हाळात आले, पण वेगळ्या दाराने. बैलांच्या चरकाची जागा ऑइल इंजिनावरच्या चरकाने घेतली. 1946 मध्ये पुण्यात किर्लोस्कर ऑइल इंजिन्स उभी राहिली आणि त्यानंतर विहिरीवर आणि गुऱ्हाळावर इंजिनाचा ठोका गावोगाव ऐकू येऊ लागला. ऊस पिळायला तेल आणि रस आटवायला चिपाड, अशी वाटणी झाली. ती अगदी शहाणपणाची होती. इंजिनात जळलेले लिटरभर तेल बैलांच्या जोड्यांचे काम करते, त्याला पर्याय महाग होता. काहिलीखाली तेच तेल जाळणे म्हणजे मात्र पिकासोबत फुकट आलेल्या चिपाडाशी स्पर्धा करणे. ती स्पर्धा तेल कधीच जिंकले नसते.

साखर कारखाना आला तेव्हा हाच प्रश्न शंभर पटीने मोठा होऊन आला.

1932 मध्ये सरकारने साखरेला आयातकराचे संरक्षण दिले. त्याआधी देशात आधुनिक साखर कारखाने होते 32. पाच वर्षांत ते 130 च्या वर गेले. सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी इंदापूर तालुक्यात कळंबच्या माळरानावर घेतलेल्या शेतीच्या जागी 1934 मध्ये साखर कारखाना उभा राहिला आणि त्या वसाहतीचे वालचंदनगर झाले. सासवडच्या माळ्यांनीही त्याच सुमारास नीरेपलीकडे माळशिरस तालुक्यात माळीनगरला आपला कारखाना काढला. कालव्यावर गूळ करून हाती आलेला पैसा आणि अनुभव त्यामागे होता.

या कारखान्यांना बॉयलरखाली काय जाळायचे, हा प्रश्न त्या काळात खुला होता. कोळसा घ्यावा तर तो झरिया-राणीगंजहून, दीड हजार किलोमीटरपेक्षा जास्त रेल्वेने ओढत आणायचा. रेल्वेभाड्यानेच त्याची किंमत फुगायची. मुंबईच्या गिरण्यांची हीच रड होती, म्हणून पहिल्या महायुद्धानंतर तिथल्या काही गिरण्यांनी जहाजाने येणारे जळाऊ तेल वापरून पाहिले आणि बऱ्याच गिरण्या टाटांच्या जलविजेकडे वळल्या. कळंबच्या माळावर बंदरही नव्हते आणि जलवीजही नव्हती. ऊस मात्र होता.

आणि इथे एका दूरच्या माणसाचे नाव घेणे भाग आहे. नॉर्बर्ट रिलिओ. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सचा, गोऱ्या बापाचा आणि कृष्णवर्णीय आईचा हा मुलगा. 1840 च्या दशकात त्याने रस आटवण्याची नवी रचना पेटंट केली. एका भांड्यातल्या रसाची वाफ दुसऱ्या भांड्यातला रस उकळायला वापरायची, दुसऱ्याची तिसऱ्याला, आणि प्रत्येक पुढच्या भांड्यात दाब कमी ठेवायचा म्हणजे कमी तापमानाला रस उकळतो. चार भांड्यांच्या साखळीत एक किलो वाफ जवळजवळ चार किलो पाणी उडवते. काहिलीत एवढेच पाणी उडवायला चौपट उष्णता लागते, शिवाय चुलाणाचा धूर वेगळा. रिलिओच्या या युक्तीमुळे साखर कारखाना आपल्याच उसाच्या बगॅसवर पूर्ण चालू शकतो. गुऱ्हाळाला चिपाड पुरत नसे, कारखान्याला ते उरू लागले. साखरधंद्याच्या इतिहासात इतका मोठा फरक दुसऱ्या कुठल्या एका कल्पनेने केला असेल असे मला वाटत नाही.

आकड्यांत सांगायचे तर, सहकारी कारखान्यांच्या सुरुवातीच्या पिढीतला 1,250 टनी, म्हणजे रोज तेवढा ऊस गाळणारा, कारखाना घ्या. 1950 नंतर प्रवरेच्या सहकारी कारखान्याचा पहिला प्रयोग यशस्वी झाला आणि त्या दशकाच्या उत्तरार्धात माळेगाव आणि भवानीनगरचा छत्रपती कारखाना सुरू झाला, नंतर सोमेश्वर आला. त्या जातीच्या कारखान्याला उसाच्या वजनाच्या निम्म्याहून थोडी जास्त वाफ लागे, म्हणजे दिवसाला सातशे टनांच्या आसपास. एक टन फर्नेस ऑइल जाळले की साधारण साडेतेरा टन वाफ मिळते. तेव्हा रोज पन्नास टनांवर तेल लागले असते. दहा टनी टँकर धरले तर रोज पाच. पाच महिन्यांच्या हंगामात साडेसात हजार टनांहून जास्त. उलट त्याच उसातून रोज 360-370 टन बगॅस निघतो आणि एक टन बगॅस सव्वादोन टनांच्या आसपास वाफ देतो. म्हणजे आठशे टन वाफ, गरज भागून वर शिल्लक.

शिल्लक राहणाऱ्या या बगॅसचे करायचे काय, हा तेव्हाचा खरा प्रश्न होता. आज ऐकून नवल वाटेल, पण तो काळ स्वस्त तेलाचा होता. 1954 आणि 1955 मध्ये ट्रॉम्बे-माहुलला दोन शुद्धीकरण कारखाने सुरू झाले, एक स्टँडर्ड-व्हॅक्युमचा (पुढे एस्सो) आणि दुसरा बर्मा-शेलचा. कच्च्या तेलातून पेट्रोल, रॉकेल, डिझेल काढून घेतल्यावर तळाशी जे दाट काळे तेल राहते तेच फर्नेस ऑइल. ते खपवणे ही शुद्धीकरण कंपन्यांची गरज असे, म्हणून ते स्वस्त मिळे. साठच्या दशकात कच्च्या तेलाचा पिंप दोन डॉलरच्या आत-बाहेर होता. पश्चिम महाराष्ट्रात नवे कारखाने उभे राहिले ते फर्नेस ऑइलचे बॉयलर घेऊनच. असे तेल हाताशी असताना साखर कारखान्याचा ओला बगॅस विकत घ्यायला कोण येणार? निम्मे पाणी, अवाढव्य आकार, वाहतूक महाग. उन्हाळ्यात गंजीला आग लागण्याची धास्ती वेगळीच. त्यामुळे कारखान्यांची रचनाच अशी झाली की बगॅस संपला पाहिजे. कमी दाबाचे बॉयलर, वाफेचा सढळ वापर. बॉयलरची कार्यक्षमता वाढवण्यात कुणाला रस नव्हता, कारण वाचवलेला बगॅस कुजणार किंवा पेटणार. शेतकऱ्याच्या उसातला वजनाने जवळजवळ तिसरा हिस्सा अशा रीतीने शून्य किमतीचा ठरला. कारखान्याच्या हिशेबात तो इंधन म्हणून आला आणि धूर होऊन गेला.

मग ऑक्टोबर 1973 उजाडला. अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि तेल उत्पादक देशांनी नळ आवळला. पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेला दर 1 जानेवारी 1974 ला 11 डॉलर 65 सेंटवर गेला. भारत तेव्हा आपल्या गरजेच्या सुमारे दोन तृतीयांश तेल आयात करत होता. परकीय चलनाची तिजोरी रिकामी होऊ लागली. इंधन धोरण समितीने त्याच वर्षी सांगितले की कारखान्यांनी तेल सोडून कोळशाकडे यावे. जिथे तेल हाच स्वस्त पर्याय म्हणून बॉयलर बसवले होते तिथे व्यवस्थापकांच्या तोंडचे पाणी पळाले. नीरेकाठच्या कारखान्यांना मात्र त्या धक्क्याची झळ बॉयलरच्या दारात लागली नाही. डिझेल महागले, ट्रकचे भाडे वाढले, खत महागले. पण साखर शिजवायला लागणारी उष्णता होती तशी शेतातून येत राहिली.

त्याच वर्षी, 1974 मध्ये, भार्गव आयोगाच्या शिफारशीवरून ऊस नियंत्रण आदेशात 5-अ हे कलम आले. हंगामाअखेर कारखान्याला झालेल्या जादा कमाईत शेतकऱ्याचा निम्मा वाटा असावा, असे त्याचे सूत्र. पण हिशेब साखरेभोवती फिरत राहिला. तेल चौपट महागल्याने बगॅसची किंमतही बदलली आहे, हे त्या सूत्रात कुठेच दिसत नव्हते.

ते प्रथम ओळखले कागदवाल्यांनी. बगॅसपासून कागद होतो हे जुनेच ज्ञान, पण बगॅस द्यायचा तर कारखान्याने बॉयलरखाली काय जाळायचे? उत्तर निघाले अदलाबदलीचे. कागद गिरणीने साखर कारखान्याला कोळसा किंवा तेल द्यावे आणि तेवढ्या वाफेइतका बगॅस घ्यावा. वर दिलेल्या आकड्यांवरून सहज दिसते की एक टन फर्नेस ऑइलच्या बदल्यात सहा टन बगॅस. तमिळनाडूत 1980 च्या दशकात वर्तमानपत्री कागदाची सरकारी गिरणी अशाच व्यवस्थेवर उभी राहिली. तिने साखर कारखान्यांना कोळशाचे बॉयलर बसवून दिले. आता बगॅसला दर आला, आणि तो तेल-कोळशाच्या दरावर टांगलेला होता. वाचवलेला प्रत्येक टन बगॅस म्हणजे पैसे, हे कारखान्यांच्या चीफ इंजिनियरांना आणि चीफ केमिस्टांना कळले.

वाचवणे म्हणजे काय, ते शेवटच्या गिरणीपाशी उभे राहून पाहावे. उसातली उरलीसुरली साखर धुऊन काढायला तिथे पाणी मारतात. पाणी जास्त मारले तर साखर जास्त निघते, पण बगॅस ओला राहतो आणि ते पाणी पुन्हा रसातून आटवायला वाफ लागते. चांगल्या गिरणीतून निघालेल्या बगॅसमध्ये ओलावा 50 टक्क्यांच्या आत असतो. प्रयोगशाळेतला माणूस पाळीपाळीला नमुना आणून भट्टीत वाळवून वजन करतो. ओलावा एक टक्क्याने वाढला की किलोमागे सुमारे 48 किलोकॅलरी गेल्या, म्हणजे उपयोगी पडणाऱ्या 1,800 किलोकॅलरीतल्या जवळजवळ तीन टक्के. गिरणीच्या रोलरची झीज, त्यावरचे वेल्डिंग, दाब देणारे तेलपंप, या गोष्टी सभासदाला कधी दिसत नाहीत. पण हंगामाअखेर गंजीत किती हजार टन शिल्लक राहतील ते तिथे ठरते. 1975 मध्ये ऊस उत्पादकांनीच मांजरीला डेक्कन शुगर इन्स्टिट्यूट उभी केली, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट. बियाण्याबरोबर अशा यांत्रिक कामगिरीची मोजदाद करून कारखान्यांना एकमेकांशी तोलण्याचे काम तिने केले. हे काम गाजावाजा न होणारे आहे, आणि माझ्या मते त्याची नोंद व्हायला हवी तेवढी झालेली नाही.

यानंतर बॉयलरचा दाब वाढत गेला. जुन्या काळी चौरस सेंटिमीटरला दहा-चौदा किलो, मग 21, 32, 45. दाब जितका जास्त तितकी त्याच बगॅसमधून वीज जास्त. 1994 मध्ये केंद्राने बगॅसवरच्या सहवीजनिर्मितीचा कार्यक्रम हाती घेतला. 2002 च्या ऑगस्टमध्ये महाराष्ट्र वीज नियामक आयोगाने कारखान्यांच्या विजेला युनिटमागे 3 रुपये 5 पैसे दर ठरवून दिला, आणि 67, 87, 110 किलो दाबाचे बॉयलर राज्यभर उभे राहू लागले. बारामती-इंदापूरचे कारखानेही त्या लाटेत उतरले. तोवर उजनी धरणाच्या फुगवट्याचे पाणी उपसून इंदापूरचा पूर्व भागही उसाखाली आला होता. बिजवडी आणि शहाजीनगरचे कारखाने त्या उसावर उभे होते. शेतातले चिपाड आता महावितरणच्या तारांवरून जाऊ लागले. वालचंदनगरच्या कार्यशाळांत साखर कारखान्यांची यंत्रसामग्री घडत होती. कळंबच्या माळावर सुरू झालेल्या गोष्टीचे वर्तुळ असे मोठे झाले होते.

फर्नेस ऑइलचे काय झाले? 1 एप्रिल 1998 पासून त्याची किंमत सरकारी नियंत्रणातून मुक्त झाली. त्याआधी दर दिल्लीत ठरायचे, आता ते जागतिक बाजाराबरोबर वरखाली होऊ लागले. 2008 च्या जुलैमध्ये कच्च्या तेलाने पिंपाला 147 डॉलर गाठले तेव्हा तेलाचा बॉयलर असलेल्या छोट्या कारखानदारांचे कंबरडे मोडले. दर हा एकच त्रास नव्हता. हे तेल थंडीत वाहत नाही. टाकीतच ते तापवून ठेवावे लागते आणि फवारण्याआधी शंभर अंशांच्या वर न्यावे लागते. त्यात गंधक चार टक्क्यांपर्यंत असू शकते, ते जळून धुराड्याचा पत्रा खाते आणि भोवतालच्या माणसांची छाती. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीभोवतालच्या राज्यांत फर्नेस ऑइल आणि पेटकोक वापरायला बंदी घातली. महाराष्ट्रात तशी सरसकट बंदी आली नाही, पण औद्योगिक वसाहतींतले अनेक बॉयलर दरामुळेच ब्रिकेटकडे वळले. ब्रिकेट म्हणजे बगॅस, भुसा, सोयाबीनचा कोंडा दाबून केलेल्या कांड्या. ज्या चिपाडाला स्वस्त तेलाच्या दिवसांत गिऱ्हाईक नव्हते, त्याच चिपाडाने तेलाला बॉयलरच्या दारातून हटवले.

या यशाची एक काळी बाजू आहे आणि ती सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. बगॅसला भाव आला तसे सगळेच जळण महागले. शेजारच्या दौंड तालुक्यात आणि आसपास अजून शेकडो गुऱ्हाळे चालतात. तिथल्या काही चुलाणांत जुने टायर, रबर, चपला, प्लास्टिकचा कचरा जाळला जात असल्याच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत आहेत, प्रदूषण मंडळाच्या कारवायाही झाल्या आहेत. टायर म्हणजे घट्ट झालेले खनिज तेलच. दीडशे वर्षे जे काहिलीखाली परवडले नव्हते ते आता कचऱ्याच्या भावाने तिथे आले आहे. किंमत कमी दिसते, कारण ती दुसरे कुणी भरते: गुऱ्हाळाच्या वाऱ्याखाली राहणारी वस्ती, चुलाणाशी बसलेला परप्रांतीय मजूर, आणि गूळ आरोग्याला चांगला म्हणून विकत घेणारा ग्राहक. चांगल्या बांधणीच्या चुलाणात चिपाडावरच गूळ होतो, हे शंभर वर्षांपूर्वी सिद्ध झाले आहे. त्यामुळे या प्रकाराला सबब नाही.

आता शेवटचा हिशेब, ज्याच्यासाठी हे सगळे लिहिले. फर्नेस ऑइलचा दर टनाला चाळीस हजार रुपये धरू. एक टन उसातून निघणारा 290 किलो बगॅस साधारण 48 किलो फर्नेस ऑइलइतकी वाफ देतो. त्या दराने त्याची किंमत झाली 1,900 रुपयांच्या जवळपास. 2024-25 च्या हंगामासाठी सव्वादहा टक्के उताऱ्याला केंद्राने ठरवलेली एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, टनाला 3,400 रुपये होती. म्हणजे तेलाच्या मापाने पाहिले तर शेतकऱ्याच्या उसातल्या नुसत्या चिपाडातच एफआरपीच्या निम्म्याहून जास्त किमतीची उष्णता आहे.

हा आकडा ऐकून लगेच कारखान्यावर मोर्चा काढणे मात्र चुकीचे ठरेल. या बगॅसमधला मोठा हिस्सा साखर शिजवायलाच लागतो. तो विकला तर साखर होणार नाही. बाजारात ओला बगॅस तेलाच्या मापाने विकलाही जात नाही, वाहतूक आणि साठवण त्याचा दर खाली आणतात. वीज घेण्याचे दरही, सौरवीज स्वस्त झाल्यावर, पूर्वीसारखे राहिले नाहीत. पण वाचलेल्या बगॅसचा पैसा खरा आहे आणि त्यात उसाच्या मालकाचा वाटा आहे, हे आता कायद्यानेही मानले आहे. 2012 मध्ये रंगराजन समितीने सांगितले की साखर, बगॅस, मळी आणि प्रेसमड यांच्या उत्पन्नातला 70 टक्के हिस्सा उसाचा. महाराष्ट्राने 2013 मध्ये त्यासाठी कायदा केला. बगॅस प्रथमच ऊसदराच्या हिशेबात नावानिशी आला, तेलाच्या पहिल्या धक्क्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी.

म्हणून बारामती-इंदापूरच्या ऊस उत्पादक सभासदांना एवढेच सांगणे आहे. सप्टेंबरमध्ये कारखान्याची वार्षिक सभा होते, आधी अहवाल घरी येतो. त्यात दर किती दिला हे पहिल्या पानावर सगळेच पाहतात. त्यानंतर तांत्रिक कामगिरीचा तक्ता उघडा. उसाच्या शेकडा बगॅस किती निघाला, त्यात ओलावा किती होता, वाफ किती लागली, हंगामाअखेर किती टन शिल्लक राहिला, तो कुणाला, कोणत्या दराने गेला, आणि स्वतःच्याच वीजप्रकल्पाला दिला असेल तर कोणता दर धरला, हे वाचा. शेजारच्या कारखान्याच्या अहवालाशी ताडून पाहा. आणि फरक दिसला तर सभेत उभे राहून त्याचे कारण विचारा.